सुट्या भागांतून सूर: किट जोडत उभा राहणारा मॉड्युलर सिंथेसायझर

मॉड्युलर सिंथेसायझर तयार विकत घ्यावा की किट आणून एकेक मॉड्यूल जोडत वर्षानुवर्षे उभा करावा, हा प्रश्न जवळपास त्या वाद्याइतकाच जुना आहे. रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सोबतीने आपल्या सिंथेसायझरचा पहिला नमुना १९६४ साली बनवला. त्याआधी ते थेरेमिन आणि थेरेमिनची किट्स विकत होते. १९६१ साली ‘इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड’ या अमेरिकी मासिकात त्यांनी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनवर लेख लिहिला आणि त्याचे किट पन्नास डॉलरच्या आत विकायला ठेवले. अशी सुमारे हजार किट्स खपली. घरी बसून सोल्डरिंग करणारा गिऱ्हाईक या धंद्यात पहिल्यापासून होता.

आज हा प्रश्न नव्याने पुढे आला आहे, कारण किट्सची एवढी रेलचेल पूर्वी कधीच नव्हती. निवड करणे त्यामुळे अवघड झाले आहे. बहुतेक जण या वाटेला पैसे वाचवायला म्हणून येतात. माझ्या मते हे कारण टिकणारे नाही. किटची खरी किंमत त्याच्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत असते, आणि एक मॉड्यूल झाल्यावर दुसऱ्याकडे वळेपर्यंत मधे जो काळ जातो त्या काळात असते. हे मत कशावरून बनले ते पुढे मांडतो.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या कीबोर्डमध्ये आवाज घडवणारे विभाग आतल्या आत कायमचे जोडलेले असतात. मॉड्युलरमध्ये ते सुटे असतात. प्रत्येकाचे पॅनेल वेगळे, नॉब आणि जॅक वेगळे, आणि त्यांच्यातले नाते वाजवणारा स्वतः पॅच केबलींनी जोडतो. ऑसिलेटर स्वर देतो, फिल्टर त्यातले काही ध्वनी कापून रंग बदलतो, अॅम्प्लिफायर आवाज लहानमोठा करतो, आणि एन्व्हलप त्या आवाजाला उठाव, उतार आणि शेवट देतो. यातल्या प्रत्येकाला बाहेरून व्होल्टेज देऊन हलवता येते, आणि सगळी मौज इथेच आहे. ऑसिलेटरला एक व्होल्ट जास्त दिला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. एका व्होल्टचा बारावा हिस्सा, ८३.३ मिलिव्होल्ट, म्हणजे एक अर्धस्वर. तोच ऑसिलेटर सेकंदाला पाच-सहा फेऱ्या इतका हळू चालवला की ऐकू येणारा स्वर उरत नाही, पण दुसऱ्या ऑसिलेटरला तो कंप देऊ शकतो. स्वर आणि स्वराला हलवणारा हात ही एकाच जातीची वीज असते.

मूग यांचे मोठे सिंथेसायझर त्या काळी मोटारगाडीपेक्षा महाग होते. त्यामुळे वेंडी कार्लोस यांची मूगवर वाजवलेली ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही ध्वनिमुद्रिका १९६८ साली गाजल्यावर ज्यांना हे वाद्य हवेसे वाटले, त्यांतल्या बहुतेकांना ते परवडण्यासारखे नव्हते. ती उणीव किट्सनी भरून काढली. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या जॉन सायमनटन यांनी १९६७ साली पाइया इलेक्ट्रॉनिक्स सुरू केली होती. सत्तरीच्या सुरुवातीला त्यांनी मॉड्युलर सिंथेसायझर किटच्या रूपात टपालाने विकायला घेतला. कॅलिफोर्नियात कॅलआर्ट्स या संस्थेत शिकवणाऱ्या सर्ज चेरेपनिन यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून स्वस्त पण विलक्षण कल्पक मॉड्यूल्स बनवली, तीही किट म्हणून लोकांच्या घरी गेली. ऑस्ट्रेलियातल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स टुडे इंटरनॅशनल’ने १९७३ पासून ४६०० या सिंथेसायझरची बांधणी क्रमशः छापली. युरोपात ‘एलेक्टॉर’ने १९७७ पासून ‘फॉर्मंट’ची मालिका चालवली. या मासिकाची भारतीय आवृत्ती पुढे ऐंशीच्या दशकात मुंबईहून निघत असे, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी इलेक्ट्रॉनिक्सप्रेमींनी सर्किट वाचायची सवय तिच्यामुळे लावून घेतली.

या साऱ्यांत एक गोष्ट समान होती. बोर्ड आणि भाग यांच्याइतकाच मोठा वाटा छापील विवेचनाचा होता. हा रेझिस्टर इथे का, हा बदलला तर काय ऐकू येईल, हे महिन्यामागून महिना समजावले जाई. वाचकही महिन्याला एकच विभाग बांधू शके, कारण पुढचा अंक यायचा असे. बांधणी हळूहळू होण्याला हे मोठे कारण होते, आणि ते वाचकाच्या भल्याचेच ठरले.

१९८३ साली वाद्ये एकमेकांशी जोडणारी मिडी पद्धत आणि यामाहाचा डीएक्स-७ आले, तयार डिजिटल कीबोर्ड स्वस्त होत गेले आणि मॉड्युलर कपाटांत गेले. तिथून त्यांना परत आणले जर्मनीच्या डीटर डोपफर यांनी. १९९५ च्या सुमारास त्यांनी ए-१०० ही मालिका काढली आणि तिची मोजमापे उघड ठेवली. पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदीचे एकक ५.०८ मिलिमीटर, वीज अधिक-उणे १२ व्होल्ट, जॅक ३.५ मिलिमीटरचे. यालाच आज युरोरॅक म्हणतात. एका जागी बनलेले मॉड्यूल दुसऱ्याच्या पेटीत बसू लागले, म्हणून एकट्या माणसालाही एकच मॉड्यूल बनवून बाजारात उतरता आले. हळूहळू बांधण्याची कल्पना खऱ्या अर्थाने शक्य झाली ती या ठरलेल्या मापांमुळे.

पुढची दोन दशके समजावणाऱ्यांची. ‘म्युझिक फ्रॉम आउटर स्पेस’ या नावाने रे विल्सन यांनी सर्किट, बोर्ड आणि सविस्तर विवेचन दिले. त्यांचे ‘मेक: अॅनालॉग सिंथेसायझर्स’ हे पुस्तक २०१३ चे आहे. ऑस्ट्रेलियाचे केन स्टोन आणि फ्रान्सचे इव्ह उसों यांच्या सर्किटांवर एक पिढी शिकली. बार्सिलोनाच्या बेफाको या चमूने कार्यशाळा घेऊन लोकांच्या हातात सोल्डरिंग आयर्न दिला. ब्रायटनच्या थॉन्क या दुकानाने किटमधली प्रत्येक गोष्ट, अगदी नटबोल्टसुद्धा, पिशव्यांत मोजून देण्याची शिस्त घातली. त्यांच्याकडच्या गाजलेल्या किट्समध्ये टॉम व्हिटवेल यांचे ‘ट्युरिंग मशीन’ येते. सोळा पायऱ्यांच्या शिफ्ट रजिस्टरमधून ते आपोआप स्वरमाला घडवते. मधला मोठा नॉब एका टोकाला नेला की माला जशीच्या तशी फिरत राहते, मधोमध ठेवला की दर फेरीला काय येईल सांगता येत नाही, आणि या दोहोंच्या मधे ठेवला की माला ओळखीची राहूनही एखाददुसरा स्वर बदलत जातो. इतक्या साध्या भागांतून इतका संगीतोपयोगी विचार फार थोड्यांनी काढला आहे.

या परंपरेतले आजचे सर्वांत चांगले काम कोणते, असे विचारले तर मी लात्व्हियातल्या रिगाच्या एरिका सिंथ्स आणि जर्मनीचे मोरित्झ क्लाइन यांनी २०२१ पासून काढलेल्या शिकाऊ किट्सचे नाव घेईन. त्यांच्या ऑसिलेटरची पुस्तिका ४०१०६ या काही रुपयांच्या आयसीपासून सुरू होते. एक इन्व्हर्टर, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर एवढ्यावर ब्रेडबोर्डवर आवाज निघतो. मग एक डायोड घालून लाटेचा आकार करवतीच्या दात्यांसारखा होतो. मग ट्रान्झिस्टर येतो आणि स्वराचा ताबा व्होल्टेजकडे जातो. मग स्वर सप्तकाच्या हिशेबात का हलत नाही हे कळते आणि त्यावरचा उपाय येतो. पानागणिक कानाला ऐकू येणारा फरक. हे सारे झाल्यावरच बोर्डाला हात लावायचा. पुस्तिका इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते.

याउलट, बोर्डवर छापलेले क्रमांक पाहून भाग बसवायचे आणि डाग देत जायचे अशीही किट्स बाजारात भरपूर आहेत. त्यांच्यातून चालणारे मॉड्यूल मिळते, पण ते बिघडले की बांधणारा माणूस दुकानातून आणणाऱ्याइतकाच हतबल असतो. म्हणून किट निवडताना किंमत आणि पॅनेलचा देखणेपणा पाहण्याआधी त्याची पुस्तिका उघडून वाचावी. सर्किटचा आराखडा दिला आहे का? चाचणी कशी घ्यायची ते लिहिले आहे का? कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट असायला हवेत ते सांगितले आहे का? या तिन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील तर ते किट सोडून द्यावे.

आता भागांविषयी. सगळे भाग असलेले पूर्ण किट, फक्त बोर्ड आणि पॅनेल, आणि नुसत्या आराखड्यावरून व्हेरोबोर्डवर स्वतः बांधणे, अशा तीन वाटा आहेत. आपल्याकडे पूर्ण किट परदेशातून मागवले की कुरिअर आणि सीमाशुल्क यांचा भार पडतो, म्हणून मधली वाट बरीच सोयीची पडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म रेझिस्टर, टीएल-०७२, चार हजार मालिकेतल्या आयसी, पोटेन्शिओमीटर हे मिळते. युरोरॅकला लागणारे उभ्या बांधणीचे बारीक जॅक आणि एलएम-१३७०० सारखी चिप मात्र शोधावी लागते, तेवढे बाहेरून मागवावे. काही जण त्यापेक्षा ६.३५ मिलिमीटरचे मोठे जॅक वापरतात. इंग्लंडच्या सॅम बॅटल यांनी वीस सेंटिमीटर उंचीचे कॉस्मो हे माप रूढ केले आहे ते अशांसाठीच. जाड बोटांना आणि मंद नजरेला ते फार मानवते.

बाजारात भाग बदलून घेताना एक सापळा आहे. अमेरिकी आराखड्यांत २एन-३९०४ हा ट्रान्झिस्टर असतो. आपला दुकानदार त्याऐवजी बीसी-५४७ देतो, आणि बहुतेक ठिकाणी तो उत्तम चालतोही. पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे असतात आणि दुसऱ्याचे नेमके उलटे. बोर्डवर छापलेल्या आकृतीप्रमाणे तो बसवला की मॉड्यूल गप्प राहते. त्याला अर्धी गिरकी देऊन बसवायचे असते. कोणत्याही भागाची माहितीपत्रिका डोळ्यांखालून घातल्याशिवाय तो बोर्डवर चढवू नये.

हत्यारांत फार काही लागत नाही. सोल्ड्रॉनचा २५ वॉटचा आयर्न, ६०-४० चे बारीक सोल्डर, साइड कटर, बरा मल्टिमीटर. निळ्या अंगाच्या रेझिस्टरवरचे पाच पट्टे दिव्याखाली फसवतात, तपकिरी आणि लाल, निळा आणि जांभळा यांत गल्लत होते. म्हणून प्रत्येक रेझिस्टर मोजूनच बसवावा. आधी बुटके भाग, मग उंच. आयसी थेट बोर्डवर न लावता सॉकेटमध्ये. जॅक आणि पोटेन्शिओमीटर नुसते भोकांत ठेवायचे, वर पॅनेल चढवायचे, नट हलके आवळायचे, सगळे सरळ बसले की मग डाग द्यायचे. आधी डाग दिले की पॅनेल चढत नाही. वीज जोडण्यापूर्वी अधिक १२, उणे १२ आणि ग्राउंड यांच्यात कुठे शॉर्ट नाही ना, हे मीटरने पाहायचे.

वीजपुरवठ्याबद्दल कुणी फारसे उत्साहाने बोलत नाही, पण सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होते. मॉड्यूलला वीज देणारी पट्टी दहा किंवा सोळा पिनांची असते आणि तिची लाल कड उणे १२ व्होल्टची खूण असते. पट्टी उलटी लागली की आयसी जळतात. चांगल्या बोर्डवर उलट विजेला अडवणारे डायोड आणि एकाच बाजूने बसणारा कोंदणाचा सॉकेट असतो. नसेल तर आपण घालावा. पेटीचा पुरवठा स्वतः बांधायचा म्हटला तर १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, मोठे कपॅसिटर आणि ७८१२, ७९१२ हे रेग्युलेटर अशी जुनी, खात्रीची बांधणी आहे. रेग्युलेटरपाशी वीसेक व्होल्ट येतात आणि बारा बाहेर पडतात. अर्धा अँपिअर खेचला तर उरलेल्या आठ व्होल्टची चार वॉट उष्णता होते, ती हीटसिंकला पेलावी लागते. पण या बांधणीत घरातले २३० व्होल्ट पेटीच्या आत येतात. ज्याने आधी विजेचे काम केलेले नाही त्याने हा भाग तयारच विकत घ्यावा. इथे काटकसर करू नये, हे मी कुणालाही निक्षून सांगेन.

कोणते मॉड्यूल आधी, कोणते नंतर, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आधी ऑसिलेटर, कारण आवाज निघाला की हुरूप येतो. दुसरा म्हणतो, आधी मिक्सर, अॅम्प्लिफायर, व्होल्टेज कमी-जास्त करणारे अॅटेन्युएटर अशी साधी, कमी दिसणारी मॉड्यूल्स. मी दुसऱ्या पक्षाचा, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. हुरूप यायलाच हवा, आणि तो ४०१०६ च्या एका आयसीवर नऊ व्होल्टच्या बॅटरीत येतो. एका आयसीत सहा इन्व्हर्टर, म्हणजे सहा ऑसिलेटर. एका रेझिस्टरच्या जागी एलडीआर, म्हणजे प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर, लावला की हाताच्या सावलीने स्वर वरखाली होतो. तेवढ्यावर मनसोक्त खेळून घ्यावे आणि मग पेटी, वीज, बाहेर जाणारा आवाज, अॅम्प्लिफायर, मिक्सर या क्रमाने जावे. युरोरॅकमधला ध्वनी अधिक-उणे पाच व्होल्टपर्यंत जातो, घरच्या अॅम्प्लिफायरला एखादा व्होल्टच हवा असतो. तेव्हा आवाज बाहेर काढणारे मॉड्यूल ही पहिली गरज असते, आणि हेडफोनने ऐकणाऱ्याच्या कानांच्या दृष्टीने तर फारच. यानंतर ऑसिलेटर, एन्व्हलप, फिल्टर.

साध्या मॉड्यूल्सचा आग्रह धरण्यामागे संगीताचे कारण आहे. दोन ऑसिलेटर आणि एक अॅम्प्लिफायर असलेल्या पेटीपेक्षा एक ऑसिलेटर आणि चार अॅम्प्लिफायर असलेल्या पेटीत जास्त संगीत घडते, कारण कोणता बदल किती प्रमाणात व्हावा हे तिथे ठरवता येते. नुसता कंप कानाला लवकर कंटाळवाणा होतो. हळूहळू वाढणारा, मधेच विरणारा कंप संगीत होतो, आणि त्यासाठी कंपाच्या वाटेत एक अॅम्प्लिफायर लागतो. अशी मॉड्यूल्स किट म्हणून सर्वांत स्वस्त आणि बांधायला सोपी असतात, तयार घेताना मात्र त्यांवर पैसे घालवणे जिवावर येते. म्हणून किटची वाट नेमकी यांच्यासाठी आहे. त्यांच्या जोडीला सर्ज यांच्या जुन्या कल्पनेवर बेतलेले बेफाकोचे ‘रॅम्पेज’ धरावे: पॅच बदलला की तेच मॉड्यूल कधी एन्व्हलप होते, कधी संथ ऑसिलेटर, कधी एका व्होल्टेजवरून दुसऱ्यावर सावकाश नेणारे. मोठ्या किटसाठी पैसे खर्चायचेच तर अशा बहुगुणी मॉड्यूलवर खर्चावेत.

डिजिटल मॉड्यूल्स ही वेगळी गोष्ट. फ्रान्सच्या एमिली जिले यांनी म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या नावाने केलेली ‘प्लेट्स’, ‘रिंग्ज’, ‘क्लाउड्स’ ही मॉड्यूल्स या क्षेत्रातले मोठे काम आहे. त्यांनी आराखडे आणि प्रोग्रॅम सर्वांसाठी खुले ठेवले, म्हणून २०२२ मध्ये काम थांबवल्यावरही जगभरचे लोक ती बनवत आहेत. पण त्यांतले रेझिस्टर १.६ बाय ०.८ मिलिमीटरचे असतात आणि प्रोसेसरचे पाय त्याहून बारीक. ती बांधून हाताची सफाई येते, सर्किटची समज फारशी येत नाही, कारण खरा विचार प्रोग्रॅममध्ये असतो. ती तयार घ्यावीत.

आता ऑसिलेटरकडे जरा जवळून पाहू, कारण आपल्या कानाशी त्याचा संबंध सर्वांत जवळचा. व्होल्टच्या साध्या वाढीचे सप्तकांच्या दुपटीत रूपांतर ट्रान्झिस्टरच्या स्वभावामुळे होते, आणि तो स्वभाव तापमानाने बदलतो. हा बदल दर अंशाला सुमारे तीनशेत एक इतका. ऐकायला क्षुल्लक. पण सकाळी लावलेला ऑसिलेटर दुपारपर्यंत दहा अंशांनी तापला तर प्रमाण ३.३ टक्क्यांनी हलते, आणि तीन सप्तके दूरच्या स्वरावर, म्हणजे छत्तीस अर्धस्वरांवर, ती चूक सव्वा अर्धस्वराच्या आसपास भरते. पुण्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हे सहज घडेल. म्हणून चांगल्या किटमध्ये जुळ्या ट्रान्झिस्टरची जोडी एकमेकांना चिकटवलेली असते आणि तापमानाबरोबर उलट दिशेने भरपाई करणारा खास रेझिस्टर त्यांच्या अंगाला टेकवलेला असतो. सीईएम-३३४० ही १९८० च्या सुमाराची चिप किंवा तिची नवी रूपे वापरलेल्या किटमध्ये ही भरपाई चिपच्या आतच असते. नवशिक्याने पहिला स्वरात चालणारा ऑसिलेटर अशाच चिपचा घ्यावा.

तो स्वरात आणणे हे मात्र आपल्यालाच करावे लागते. मॉड्यूल वीस मिनिटे चालू ठेवायचे. मग ११० हर्ट्‌झ, एक व्होल्ट वर २२०, पुढे ४४०, ८८० असे एकेक सप्तक ट्यूनरवर तपासत पंचवीस फेऱ्यांचा ट्रिमर केसाएवढा फिरवायचा. एक सप्तक जुळले की आधीचे थोडे हलते, पुन्हा खाली यायचे. तासभर जातो. वरच्या सप्तकांत स्वर उतरलेलाच राहतो, त्याचेही कारण आहे: प्रत्येक फेरीच्या शेवटी कपॅसिटर रिकामा व्हायला समजा एक मायक्रोसेकंद लागतो. खाली तो कुणाला कळत नाही. पण ३५२० हर्ट्‌झला पूर्ण फेरीच २८४ मायक्रोसेकंदांची असते, म्हणून तो एक मायक्रोसेकंद स्वराला सहा सेंट, म्हणजे अर्धस्वराचे सहा शतांश, खाली ओढतो. त्याची भरपाई करणारा वेगळा ट्रिमर चांगल्या बोर्डवर असतो. तंबोरा लावण्याची सवय असलेल्या माणसाला हे काम कंटाळवाणे वाटणार नाही.

तंबोऱ्याचा उल्लेख ओघात आला, पण संबंध खरा आहे. हे वाद्य बारा समान स्वरांना बांधलेले नाही. बहुतेक तयार सिक्वेन्सर आणि क्वांटायझर ते तसे बांधून देतात, व्होल्टेज मात्र अखंड असते. पियानोचा गंधार षड्जापासून ३३३.३ मिलिव्होल्टवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा, पाचास चार या प्रमाणातला गंधार ३२१.९ मिलिव्होल्टवर येतो. या अकरा मिलिव्होल्टांत सारा फरक आहे, आणि किटने बांधलेल्या साध्या व्होल्टेजच्या नॉबवर तो कानाने लावता येतो. मींड काढण्यासाठी स्लू लिमिटर आहे, पण तो एका स्वरावरून दुसऱ्यावर ठरावीक वळणाने जातो. गायकाच्या मींडेतले थबकणे, परतणे त्यात येत नाही. ते आणायचे तर दोन-तीन संथ व्होल्टेज एकमेकांत मिसळावी लागतात. हा शोध कुणी पूर्ण करून ठेवलेला नाही, आपल्या संगीतात मुरलेल्या माणसाला इथे करण्यासारखे खूप आहे.

भारतात याची सुरुवात लवकर झाली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूगचा मॉड्युलर आला. तो उभा करून द्यायला अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले होते. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केले. गीताताईंनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताचे धडे दिले होते. अहमदाबादचे ध्वनिमुद्रण १९७२ नंतर थंडावले, त्या फिती संग्रहात पडून राहिल्या आणि पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्यावर २०२३ मध्ये त्यांची निवड प्रसिद्ध झाली. ती ऐकताना कौतुकाबरोबर हळहळ वाटते. त्या वेळी एखाद्या छोट्या किटच्या रूपात हे ज्ञान अहमदाबादहून मुंबई-पुण्याच्या तंत्रनिकेतनांत पोचले असते, तर पन्नास वर्षांत आपल्याकडे बांधणाऱ्यांची एक परंपरा उभी राहिली असती.

पैशांचे बोलायचे तर तेच मॉड्यूल तयार घेण्यापेक्षा किटमध्ये स्वस्त पडते हे खरे. पण हत्यारे, पेटी, वीज, सीमाशुल्क आणि चुकून जळलेले भाग धरले तर पहिल्या चार-पाच मॉड्यूल्सपर्यंत बचत दिसत नाही, आणि स्वतः बांधलेले मॉड्यूल विकायला काढले तर भाव कमी येतो. नुसता आवाज हवा असेल त्याने अर्धमॉड्युलर, म्हणजे आतून आधीच जोडलेले पण केबलींनी बदलता येणारे, तयार वाद्य घ्यावे, किंवा २०१७ पासून फुकट मिळणारे व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलरचे सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून घ्यावे. किट बांधणाऱ्यानेही तेच करावे: पुढचे मॉड्यूल मागवण्याआधी त्याच प्रकारचे मॉड्यूल व्हीसीव्ही रॅकमध्ये महिनाभर वापरून पाहावे. ज्याची उणीव हाताला जाणवली तेवढेच मागवावे. आणि हातातले किट पेटीत बसून रोज वाजू लागल्याशिवाय नवे घेऊ नये. अर्धवट किट्सचा ढीग ही या छंदाची सर्वांत सार्वत्रिक व्यथा आहे, आणि तिच्यावर दुसरा उपाय मला माहीत नाही.

शेवटी एक विनंती, आपल्या तंत्रनिकेतनांतल्या आणि विज्ञान महाविद्यालयांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांना. ऑप-अॅम्प, श्मिट ट्रिगर, शिफ्ट रजिस्टर हे सारे तुम्ही शिकवताच. मिनी प्रोजेक्टला विद्यार्थी त्यांच्यावर दिवे लुकलुकवतात. त्याऐवजी एकदा आवाज काढायला लावा. ४०१०६ पासून पूर्ण ऑसिलेटरपर्यंत नेणारी, प्रत्येक पायरीवर काय ऐकू यावे हे सांगणारी, लॅमिंग्टन रोड आणि तपकीर गल्लीत मिळणाऱ्या भागांवर बेतलेली एक मराठी पुस्तिका हवी आहे. म्युटेबलचे आराखडे खुले आहेत, क्लाइन यांची पुस्तिका नमुन्याला समोर आहे, भाग बाजारात आहेत. कुणीतरी ती लिहायला घ्यावी, आणि लिहिताना शेजारी एखाद्या गायकाला बसवावे.